पात्रांवांचं जायरोप्लेन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तोंडवलीला गेलो होतो. मी, बायको, मुलगी आणि मुलीच्या दोन मैत्रिणी. डॉल्फिन दाखवतो म्हणून एकाने होडीत बसवलं. डॉल्फिन काही आले नाहीत. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून होडीवाल्याने दूरवरच्या उंच माळाकडे बोट केलं आणि पर्यटकांसाठी राखून ठेवलेल्या मराठीत सांगायला सुरुवात केली, "तिकडे वरती एक येडा म्हातारा होता. घरातला सिलिंग फॅन काढून त्याने हेलिकॉप्टर बनवलं. उडाला आणि सरळ समुद्रात पडला."

मैत्रिणी हसल्या. मी होडीत ताडकन उभा राहिलो. होडीत असं उभं राहायचं नसतं हे मला माहीत आहे, पण काही गोष्टी बसून ऐकण्यासारख्या नसतात. बायकोने शर्टाचं टोक धरून मला खाली ओढलं आणि म्हणाली, "पोहता येत नाही तुम्हाला. किनाऱ्यावर गेल्यावर रागवा."

किनाऱ्यावर गेल्यावर मी रागावलो. तो होडीवाला मला म्हणाला, "सर, तुम्हाला काय माहीत?"

मला काय माहीत. त्या यंत्राच्या मागच्या सीटवर बसून ज्याने आपल्याच गुडघ्याचा फोटो काढला तो मी. म्हणून हे लिहितोय. ते यंत्र सिलिंग फॅनचं नव्हतं, हेलिकॉप्टरही नव्हतं, आणि त्यातून समुद्रात कोणीही पडलं नाही. ते म्हातारे आमचे घरमालक होते. ते वेडे होते की नव्हते यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत, पण तो आमच्या घरातला प्रश्न आहे.

मी मूळचा नांदगावचा, म्हणजे डोंगराकडचा. हायस्कूलला मराठी शिकवायला म्हणून किनाऱ्यावर बदली झाली, तेव्हा त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. ते ख्रिश्चन. सगळी हयात बोटीवर इंजिनखात्यात काढून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायचं, म्हणून आम्हीही पात्रांव म्हणायला लागलो. खाली त्यांचं बाल्कांव होतं, म्हणजे दारापुढचा दोन बाजूंनी दगडी बैठका असलेला पडवीवजा ओटा. तिथे बसून ते रोज सकाळी संतापायचे.

कशावर, असं विचारू नका. चर्चचं घड्याळ मागे आहे. एसटी पुढे गेली. हॉटेलवाले सोलकढीत रंग घालतात. पर्यटक भर पावसाळ्यात ताजं पापलेट मागतात आणि त्याहून वाईट म्हणजे हॉटेलवाले देतात. एकदा मी बांगडा साफ करत होतो. ते कुंपणापलीकडून बराच वेळ बघत राहिले आणि मग माझ्या बायकोला हाक मारून म्हणाले, "बाय, ह्येच्या हातातली सुरी काढून घे. तो बांगडो मेलेलो आसा, पण तेकाय काय मान आसा."

आवाज चढला की आंटी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून विचारायच्या, "आज कोणावर राग?"

"माका राग नाय इलेलो," ते ओरडायचे. "माका न्याय होयो."

या सगळ्या किरकोळ संतापाच्या खाली एक मोठा संताप होता, आणि तो खरा होता. आमच्या गावात रापण आहे. होडीतून लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि मग गावाने मिळून ते ओढायचं. म्हातारे, बाया, सगळे दोराला हात लावतात. ज्याचा हात लागला त्याचा वाटा. पात्रांवांच्या वडिलांचा वाटा होता, आजोबांचा होता. बोटीवरून सुट्टीत आले की पात्रांव आधी दोर धरायचे आणि मग घरी जायचे. आंटी हे लग्नानंतर इतक्या वर्षांनीसुद्धा तक्रारीच्या सुरात सांगायच्या.

आणि ही रापण रिकामी यायला लागली होती. कारण सगळ्यांना दिसत होतं. मोठ्या जाळ्यांच्या परगावच्या बोटी, ज्यांना किनाऱ्याजवळ यायला बंदी आहे, त्या खुशाल हद्दीच्या आत येत आणि आख्खा थवा उचलून नेत. मच्छीमारीच्या ऑफिसात तक्रार केली तर साहेब म्हणत, पुरावा आणा. पुरावा आणायला होडी घेऊन गेलं की बोटी तेवढ्यात बाहेर. ऑफिसची गस्तीची बोट कायम दुरुस्तीला. पात्रांव दर सोमवारी ऑफिसात जायचे, प्रमाण मराठीत रागवायचे आणि परत येऊन मालवणीत पुन्हा पहिल्यापासून रागवायचे.

अशाच एका सोमवारी ते परत आले आणि गप्प बसले. आंटी घाबरून वर आमच्याकडे आल्या. "काय तरी मनात घेतल्यान हा," त्या म्हणाल्या. "गप आसा."

त्यांनी मनात घेतलं होतं ते दोन महिन्यांनी ट्रकवरून कसालच्या बाजारात उभं राहिलं. दक्षिणेकडच्या एका कॉफीमळेवाल्याची हौस भागली होती, त्याच्याकडून त्यांनी ते विकत घेतलं होतं. ट्रकचा ड्रायव्हर चहाला उतरला आणि ताडपत्रीचं टोक वाऱ्याने उडालं. बघता बघता गर्दी. कोणी म्हणालं पवनचक्की. एकजण ट्रकबरोबर आलेल्या पात्रांवांना आदराने म्हणाला, "भात कापूचा मशीन काय हो? भाड्यान दितलात?"

"भात कापूच्या मशिनीक वर पंखो कित्या लागता?" पात्रांव म्हणाले. "भाताक उकाडता?"

ते जायरोप्लेन होतं. आता हे मी शाळेत अनेकदा समजावून सांगितलंय, तेव्हा इथेही सांगतो. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा इंजिन फिरवतं. याचं तसं नाही. याचं इंजिन मागे असतं आणि मागचा छोटा पंखा यंत्राला नुसता पुढे ढकलतो. वरचा मोठा पंखा वाऱ्याने आपला आपण फिरतो आणि त्याच्या जोरावर सगळं वर राहतं. इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडत नाही. उक्षीच्या वेलीचं सुकलेलं फूल जसं गरगरत खाली येतं, तसं उतरतं. पुढे-मागे दोन सीट, डोक्यावर छप्पर नाही, बाजूला दार नाही. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा विचारलं, "बाकीचं मागाहून येणार का?"

आंटी बाल्कांवात उभ्या राहून बघत होत्या. "सगळो जल्म दर्यार काडल्यान," त्या म्हणाल्या. "आता आभाळात चललो. जमनीर कधी रवतलो, ता माका सांगा."

परवानग्या, तपासण्या, शिकाऊ परवाना या सगळ्यात बराच काळ गेला आणि त्या काळात पात्रांव ज्या ज्या टेबलाशी उभे राहिले त्या त्या टेबलाची कहाणी वेगळी आहे. एकच सांगतो. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरने विचारलं, "तुम्हाला चटकन राग येतो का?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?" पात्रांव म्हणाले. "त्याचं नाव सांगा."

तरी ते पास झाले. डॉक्टर बहुधा समजूतदार असावा, किंवा भ्याला असावा.

शिकवायला एक मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्या पात्रांवांच्याच घरी उतरल्या होत्या. गावामागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माळ, तिथलं गवत कापून पट्टी केली होती. पहिले कितीतरी दिवस त्यांनी पात्रांवांना उडू दिलंच नाही. नुसतं जमिनीवर पळवत होत्या. वरचा पंखा पुरता फिरायच्या आधी यंत्र जोरात पळवलं तर पाती फडफडतात आणि शेपटीवर आपटतात, म्हणून पंख्याने वारा धरेपर्यंत थांबायला शिकायचं. थांबायला. पात्रांवांना. सड्यावरची गुरंसुद्धा थांबून बघायची.

आणि मग मॅडमनी तो नियम सांगितला. यंत्र वळवायची हातातली काठी मागे घ्या, बाजूला घ्या, पण पुढे कधी दणकन ढकलायची नाही. "नाक खाली करायचं तर हळू सोडायची, अंकल. ढकललीत की वरच्या पंख्यावरचा भार जातो. भार गेला की पंखा मंदावतो. पंखा मंदावला की मी तुम्हाला पुढचं सांगायला नसेन."

ज्या माणसाने जन्मभर टेबलं, दारं, साहेब आणि एकदा एसटीसुद्धा ढकलली होती, त्याला हे यंत्र भेटावं याला मी दैव म्हणतो. एके दिवशी शिकता शिकता त्यांना वरून हद्दीच्या आत उभी असलेली बोट दिसली आणि संतापाने त्यांचा हात पुढे गेला. मॅडमनी मागच्या सीटवरून आपली काठी घट्ट धरून ठेवली, यंत्र खाली आणलं, हेल्मेट काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "रागावून आलात तर मी शिकवणार नाही."

"माका राग नाय..." पात्रांवांनी सुरुवात केली.

"उद्या बघू," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी शिकवणीआधी एकच प्रश्न ठेवला: "आज ऑफिसला गेला होतात?" हो म्हटलं की सुट्टी. उडायच्या दिवशी पात्रांवांच्या हाती वर्तमानपत्र पडू द्यायचं नाही, हे काम माझ्याकडे आलं. आंटी त्यांना ताटभर पेज जेवू घालायच्या आणि चर्चच्या घड्याळाकडे त्यांची पाठ होईल असं बसवायच्या. आणि मी खरं सांगतो, काही महिन्यांत तो माणूस त्या काठीपाशी बदलला. फक्त काठीपाशी. खाली उतरला की पुन्हा तोच. पण वर असताना त्यांचा हात इतका हलका असायचा, की मॅडम एकदा आंटींना म्हणाल्या, "असा हात मी फार कमी जणांचा बघितलाय." आंटी म्हणाल्या, "आमका घरात दिसलो नाय कधी."

ते पक्के शिकले, परीक्षा झाली, परवाना आला, मॅडम गेल्या. मागची सीट रिकामी झाली. आता पात्रांव चालवणार, तर फोटो कोण काढणार?

एका रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मास्तर, येशीत मां?" मी म्हणालो, "बघूया कधीतरी." आमच्याकडे नाही म्हणायची हीच सभ्य रीत आहे, आणि हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी ते सकाळी दाराशी लाइफ जॅकेट घेऊन उभे.

मला नारळावर चढलेला माणूस खालून बघितला तरी गरगरतं. त्या उड्डाणाचं वर्णन मी करू शकत नाही कारण मी ते बघितलेलं नाही. डोळे मिटून मी फोन धरला होता आणि बटण दाबत होतो. खाली आल्यावर बघितलं तर एका फोटोत माझा गुडघा, एकात पात्रांवांचा कान, आणि एकात, देव माझ्या पाठीशी असेल म्हणून, हद्दीच्या आत जाळं टाकून उभी असलेली बोट, नंबरासकट.

तो फोटो घेऊन आम्ही ऑफिसात गेलो. साहेबांनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. म्हणाले, "बोट दिसते. पण समुद्रात हद्द कुठे दिसते?"

पात्रांव इतका वेळ प्रमाण मराठीत होते. ते सुटलं. "दर्यात हद्द दिसाक होयी? मगे चुन्याची रेघ मारून ठेवूक होयी होती तुमी."

"शिवाय हा खासगी फोटो आहे," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही वर जाता, त्याबद्दल आमच्याकडे तक्रार आलीये."

"कोणाची?"

"तुमच्या गावाची. यंत्राच्या आवाजाने मासा बिथरतो म्हणून."

मी पात्रांवांकडे बघितलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते खुर्ची नीट आत सरकवून बाहेर आले.

आता माझा राग सांगतो, कारण तो अजून गेलेला नाही. ज्या रापणीसाठी या माणसाने म्हातारपणी आकाशात जायला शिकून घेतलं, त्याच रापणीतल्या लोकांनी चहाच्या टपरीवर बसून ठरवलं की मासा न मिळण्याचं कारण हा माणूस आहे. परगावच्या बोटी नव्हेत. बोटी मोठ्या, त्यांचे मालक मोठे, त्यांना बोलून काय होणार. घरच्या माणसाला बोलायला काही लागत नाही. मी त्या टपरीवर जाऊन हे सगळं ठणकावून सांगायचं ठरवलं होतं. गेलो, चहा प्यालो, आणि परत आलो. बायकोने विचारलं, "काय म्हणालात?" मी म्हणालो, "साखर जास्त होती, ते सांगितलं."

मग गावाने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

ग्रामदेवतेच्या देवळात गाव जमतं. गावकार, म्हणजे ज्याच्या घराण्याला हा मान आहे तो, देवासमोर उभा राहून गावाचं म्हणणं मांडतो, आणि प्रत्येक मागणीला सगळं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतं. आमचे गावकार पात्रांवांचे शाळासोबती. दोघांचं लहानपणापासून जमत नव्हतं आणि दोघांना एकमेकांवाचून करमतही नव्हतं. पात्रांवांच्या घरचा नारळ त्या देवळात पिढ्यान्पिढ्या ठेवला जातो. ते त्या दिवशीही नारळ घेऊन आले, खमिसाची वरची गुंडी लावून, आणि आपल्या नेहमीच्या खांबाशी उभे राहिले.

गावकारांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या दारात जमली आसत, ती मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दर्यातलो मासो रापणीक लागाक होयो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"परगावच्यो बोटी आमच्या तोंडातलो घास नेतत, त्यांची वाट मोड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यावेळी पात्रांवांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आनी आभाळात जां काय गुरगुरता नि मासो बिथरयता, तां जमनीर हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पात्रांव म्हणाले.

ते एकटेच म्हणाले. बाकीचे सगळे त्या क्षणी जरा चाचरले होते, कारण तो माणूस समोर उभा होता. बोटींच्या रागात पात्रांव त्याच जोरात पुढे गेले आणि आपल्याच यंत्राविरुद्ध देवासमोर सगळ्या गावाच्या वतीने होकार देऊन बसले. मागून कोणीतरी खुदकन हसलं. गावकारांनी पुढचं वाक्य विसरल्यासारखं केलं. पात्रांवांच्या तोंडावर काय होतं ते मला बघवलं नाही.

परतताना रस्ताभर मी बोलत होतो. हे धरायचं नसतं, तोंडातून निघून गेलं, तुम्हाला फसवलं, मुद्दाम तुमच्यासमोर घातलं. ते भरभर पुढे चालत होते. शेवटी मी म्हणालो, "आणि तुम्ही तर चर्चला जाता. तो तुमचा देव तरी आहे का?"

ते रस्त्यात थांबले. "रविवारी चर्च. गाऱ्हाण्याक देऊळ," ते म्हणाले. "देव गावचो. मी खंयचो? माज्या बापाशीन थंय नारळ ठेवलो, तेवा तुजो बापूस जल्माक तरी इल्लो काय? देवाक व्हय म्हटलंय. आता मी वर जावचंय नाय."

त्यांनी वरची पाती दोराने बांधली, यंत्रावर ताडपत्री घातली आणि बाल्कांवात येऊन बसले. सकाळी संतापणं बंद झालं. चर्चचं घड्याळ आणखी मागे पडलं, त्यांना कळलंही नाही. आंटींनी दोनदा मुद्दाम खारट कालवण करून बघितलं. मी इतका चिडलो होतो, की गावकारांशी बोलणं सोडलं. त्याच काळात माझं वजन मात्र वाढलं असं बायको सांगते. मागची सीट सुटली म्हणून, असं तिचं म्हणणं. मी तिकडे दुर्लक्ष करतो.

आकाशात काही गुरगुरेनासं झालं आणि बोटी आणखी आत आल्या. इतक्या आत, की त्यांच्यावर लावलेली गाणी किनाऱ्यावर ऐकू यायची. रापण ओढली की पालापाचोळा, जेलीफिश आणि कोणाची तरी चप्पल. आता गावाला कारण उरलं नाही. टपरीवर लोक माझ्याशी फार गोड बोलायला लागले. एकाने विचारलं, "मशीन गंजत नाय मां हो ताडपत्रीखाली?" मी म्हणालो, "देवाला विचारा." तेवढंच एक वाक्य मला वेळेवर सुचलं, त्याचा मला अभिमान आहे.

शेवटी एका संध्याकाळी स्वतः गावकार आले. बाल्कांवातल्या एका बैठकीवर ते, दुसऱ्या बैठकीवर पात्रांव. मी जिन्यात चप्पल शोधत होतो, बराच वेळ.

"बोटी बघतंस मां," गावकार म्हणाले.

"डोळे आसत माका."

"मगे जा की वर."

"देवाक सांगलेला आसा."

"तुका कोण म्हणालो आवाज काढ? गप रवाचा होता."

"गाऱ्हाणां तू घातलंस. गाऱ्हाण्याक गप रवूक माका माज्या बापाशीन शिकवक नाय."

मग गावकार म्हणाले, "देवाकडे परत जावन, चुकला म्हणान सांगूचा? माज्या घराण्यात कोणी केलेला नाय तां."

"मगे रापणीत चपली ओढा," पात्रांव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. स्वयंपाकघरातून आंटींनी कितीतरी दिवसांनी विचारलं, "कोणावर राग?" आणि गावकारांनीच उत्तर दिलं, "माज्यार, गो."

गावकारांना तीन दिवस झोप नव्हती असं त्यांची सून सांगत होती. चौथ्या दिवशी गावाला बोलावणं आलं. देवळात पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं. बायकांच्या बाजूला माझी बायको आणि आंटी शेजारी शेजारी. पात्रांव खांबाशी. गावकारांचा आवाज पहिल्यांदा जरा घोगरा होता.

"बा देवा म्हाराजा, लेकरांची काय चूकभूल झाली ती पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो तुजोच झील, तुजाच लेकरू, गावाच्या रापणीसाठी आभाळात जातलो. तेका सुखरूप वर ने नि सुखरूप खाली हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." देऊळ दणाणलं. पात्रांवांचे ओठ मात्र हलले नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल. गावाने त्यांच्यासाठी देवाकडे काही मागावं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. माझेच डोळे ओले व्हायला लागले होते.

"थांब," पात्रांव म्हणाले.

गावकार थांबले. गाऱ्हाण्याच्या मधे कोणी थांबवत नाही.

"मागच्या शिटीर मास्तर आसतलो. तेचा कोण सांगतलो देवाक?"

"मास्तर गावचो खंय?" गावकार हळूच म्हणाले. "नांदगावचो तो."

"गावचा पाणी पिता. गावचो मासो खाता, साफ करूक येत नाय तरी खाता. सांग."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मला त्या सीटवर बसायचं नव्हतं. मी कोणालाही हो म्हटलेलं नव्हतं. शाळा होती, कंबर होती, घरी मुलगी लहान होती. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण गावकारांनी घसा साफ केला होता.

"आनी ह्यो मास्तर, पावणो म्हणान इलो नि हयच रवलो, मनान बरो पण भियाळो आसा, तेचे डोळे उघडे ठेव नि तेका फोटो नीट काडूक दी रे म्हाराजा."

गावाच्या आधी बायकांच्या बाजूने एक आवाज खणखणीत आला, "व्हय म्हाराजा." माझ्या बायकोचा होता.

निदान मला विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. डोळे उघडे राहिले. देवाने ठेवले की भीतीने मिटायचे विसरले, सांगता येत नाही. खाली समुद्र काचेसारखा होता आणि हद्दीच्या बऱ्याच आत दोन बोटी, जाळी टाकलेल्या. पात्रांवांनी त्यांच्याभोवती एक मोठी गिरकी घेतली, फार शांतपणे. मी नंबर घेतले, जाळी घेतली, मागे आमच्या किनाऱ्याचा देवळासकट भाग येईल असे फोटो घेतले. साहेबांना पुढे त्या फोटोंतही हद्द दिसली नाही. पण हे बोटवाल्यांना कुठे माहीत होतं. त्यांनी वर बघितलं, धावपळ केली, जाळी ओढली आणि तोंडं बाहेर फिरवली. त्या हंगामात आम्ही असे कितीदा तरी वर गेलो. पुढे पात्रांवांचे डोळे तपासणीत पास होईनात तेव्हा त्यांनी यंत्र विकलं. हल्ली ते गोव्याला मुलीकडे असतात आणि तिथल्या बसेसवर संतापतात असं ऐकतो. समुद्रात पडले म्हणे.

त्या दिवशी परत फिरताना आम्ही किनाऱ्यावरून आलो. खाली रापण लागली होती. दोन्ही दोरांवर अख्खं गाव ओळीने वाकलेलं, आणि जाळ्याच्या पोटात पाणी काळं होऊन उसळत होतं. बांगडा होता. आमचा आवाज ऐकून लोकांनी मान वर केली. एकाने हात वर केला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच दोर सोडून हात वर केले. गावकारांनी तर डोक्याचं फडकं काढून हलवलं. कानातल्या यंत्रातून पात्रांवांचा श्वास ऐकू येत होता. मी वाट बघत राहिलो.

"बघ, मास्तर, बघ," ते म्हणाले. "जाळ्यात मासो उसळता आसा नि ह्ये दोर सोडून हात हालयतत. एकाक तरी काय पडलेली आसा?"